श्रमरूपाने स्वहिस्सा

वनिता,

तुझ्या शोकसभेत सर्वांत लांब भाषण केले ते कंपनीच्या साहेबांनी. ज्या सतरंजीवर तू रोज सकाळी मुलांच्या आखडलेल्या हातापायांना तेल लावायचीस, तिच्यावरच त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. त्यांनी तुला ‘निःस्वार्थ सेवेची मूर्ती’ म्हटले. तुझी आई माझ्या शेजारी बसली होती. भाषण चालू असतानाच ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “बाई, ह्यो कोन?”

“ज्या कंपनीकडे आपण अनुदान मागतो, तिचे साहेब.”

तिने त्यांच्याकडे निरखून पाहिले. “म्हंजी नाय देनारा. मंग तसा सांगा ना.”

तू असतीस तर तोंडाला ओढणी लावून हसली असतीस. मला हसू आले नाही. मूर्ती या शब्दापाशी मी अडकले होते. मूर्तीला नैवेद्य दाखवतात आणि ती खात नाही, ही मूर्तीची फार मोठी सोय असते. भाषणाच्या शेवटी साहेबांनी घोषणा केली की तुझ्या स्मरणार्थ याच गाळ्यात ‘संवेदना कक्ष’ उभारला जाईल: भिंतींना मऊ गाद्या, रंग बदलणारे दिवे, काचेच्या नळीत वर चढणारे पाण्याचे बुडबुडे आणि दारावर तुझ्या नावाची पाटी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, एवढे तरी शाळेत शिकवायला हवे होते.

आपला गाळा म्हणजे कोपरखैरण्याच्या गावठाणात तुझ्या वडिलांनी बांधलेल्या इमारतीचा तळमजला. वर भाडेकरू, खाली आपण. वडिलांच्या माघारी भाऊबंदांनी तिथे मोबाईलचे दुकान काढायला सांगितले होते. तू शटरवर संस्थेची पाटी लावलीस, कारण तुझ्या धाकट्या भावाला, जितूला, त्याच्या विशेष शाळेने वय उलटले म्हणून घरी पाठवले होते. त्याच्यासारखे आणखी कितीतरी जण घरोघरी पलंगावर बसून होते. आपण त्यांना मुले म्हणतो; त्यांतल्या काहींच्या दाढीत पांढरे केस आहेत. शाळा त्यांना संपली, नोकरी त्यांना मिळत नाही, पण दिवस मात्र त्यांनाही सगळ्यांइतकाच लांब असतो. तो दिवस चार माणसांत जावा, एवढाच तुझ्या संस्थेचा उद्देश होता. मी पुढे त्याची सतरा वाक्ये केली, तरी उद्देश तेवढाच राहिला.

तू पहिल्यांदा माझ्या दारात आलीस तेव्हा मी निवृत्त होऊन घरी दहावीच्या मुलांना गणित शिकवत होते. चप्पल न काढताच तू अनुदानाचा अर्ज पुढे केलास.

“बाई, तुमी गनित शिकवता ना? मंग ह्या कागदाचा गनित सोडवा. माझ्यानं पास व्हत नाय.”

मी तो वाचला. म्हटले, आधी वाक्ये दुरुस्त करू, मग आकडे. तू म्हणालीस, “वाक्यांचा राहू द्या, साहेब आकडंच बगतो.” मी ऐकले नाही. तुझ्या कागदावरची विरामचिन्हे लावता लावता माझी दुपार गेली, आणि यजमानांच्या निधनानंतर पहिल्यांदाच दुपार गेलेली मला कळली नाही. हे मी तुला कधी सांगितले नाही. कृतज्ञता व्यक्त करण्याचा धडा मी इतरांना पुष्कळ शिकवला, पण तुझ्यासमोर तो मला कधी म्हणता आला नाही. तू समोर असलीस की आपण भांडतच असायचो.

कंपनीच्या नियमपुस्तिकेत ‘आवर्ती खर्च’ असा शब्द होता. आवर्ती म्हणजे पुनःपुन्हा येणारा: पगार, वीजबिल, फिनेल, लंगोट. असा खर्च मान्य नव्हता. तुला तो शब्द समजावताना मी वर्गात सांगते तेच उदाहरण दिले. एकाला चारने भागले तर भागाकार संपतो. त्याला खंडित दशांश म्हणतात. एकाला तीनने भागले तर तो कधीच संपत नाही, तीन-तीन-तीन येतच राहतात. तो अखंड आवर्ती. मग आपण त्या तीनच्या डोक्यावर रेघ देतो आणि पुढच्या गणिताकडे वळतो.

तू लगेच म्हणालीस, “म्हंजी आमचा जितू तो तीन हाय. डोक्यावर रेघ मारली, चला पुढं.”

इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने त्या रेघेला माणूस लावून पाहिला नव्हता.

त्यानंतर साहेब गाळा पाहायला आले. ते सौम्य गृहस्थ आहेत. त्यांच्याविषयी वाईट लिहिण्याची माझी इच्छा नाही, आणि तीच अडचण आहे. त्यांनी विचारले, “मॅम, आमचा सपोर्ट तीन वर्षांचा असतो. नंतर बेनिफिशियरीज सेल्फ-रिलायंट व्हायला पाहिजेत. तुमचा एक्झिट प्लॅन काय?”

मी मनात वाक्य जुळवत होते. तेवढ्यात तू म्हणालीस, “साहेब, तीन वर्षांनी पन जितूला हगायला न्यायाच लागल ना? का तुमची कंपनी तवा ता बंद करनार हाय?”

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. जितू मात्र मान मागे टाकून असा हसला की खुर्चीसकट घसरला. त्याला सगळे कळते. त्याच्या तोंडातून शब्द दोन-तीनच निघतात, एवढेच. त्या वर्षी आपल्याला चाकांच्या खुर्च्या मिळाल्या. प्रत्येकीच्या पाठीवर कंपनीचे चिन्ह होते. आपल्या मोरीच्या दारातून त्या जात नव्हत्या. दार रुंद करणे हे ‘बांधकाम’ या सदरात येत होते, आणि ते सदर त्या वर्षी बंद होते. खुर्चीतून उतरवून मोरीपर्यंत जे चालवत न्यायचे, ते पुन्हा तुझ्याच खांद्यावर आले.

आपला खरा वाद सुशीलामावशीवरून झाला. मावशी दिघ्याहून येते, मूळची साताऱ्याकडची, गाळ्यातली एकमेव पगारी मदतनीस. पगार अर्जात बसत नव्हता. तू बेलापूरच्या एका प्रशिक्षणात ऐकून आलीस की ‘पगार’ लिहायचेच नाही. ‘क्षमता बांधणी’ लिहायचे. मग मावशी एका वर्षी ‘जीवनकौशल्य प्रशिक्षक’ झाली, पुढच्या वर्षी ‘समुदाय समन्वयक’. दरवर्षी अर्जाचे दिवस आले की ती फडके पिळता पिळता विचारायची, “मंग, औंदा मी कोन हाय वो? गेल्या साली परशिक्षक व्हते, तवा जरा ताठ चालत व्हते.”

तू हसायचीस. मी म्हणायचे, हे असत्य आहे.

“असत्य नाय बाई, नाव बदलला फक्त. मावशी तीच, मोरी तीच.”

“नाव बदलले की वस्तू दिसेनाशी होते. त्यांच्या कागदावर आपल्याकडे मदतनीसच नाही. मग त्यांना वाटते, मदतनिसाशिवाय हे चालते.”

“वाटू द्या ना तेंना! पगार तर निंगतो.”

“यंदा निघतो. पण नियम बदलण्याचे कारणच आपण पुसून टाकतो आहोत.”

“नियम बदलंपरत तुमी मावशीला काय सांगाल? थांब, बाई नियम बदलतायत?”

हा वाद कोपरखैरण्यात झाला, कंपनीच्या वाशीच्या कार्यालयाच्या जिन्यात झाला, तुझ्या घरी जेवताना झाला. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचे कालवण वाढून तू मला काटे कसे काढायचे ते दाखवत होतीस आणि त्याच बोटाने नियमपुस्तिकेवर ठोकत होतीस. वाद सुटला नाही. मला अजूनही वाटते की माझे म्हणणे बरोबर होते. तुझ्या म्हणण्याने मावशीची चूल पेटत राहिली, हेही मला नाकारता येत नाही. गणितात अशा वेळी एक उत्तर चूक ठरवता येते. इथे तसे ठरवायला तूच उरली नाहीस.

आता त्या रकान्याविषयी लिहिते, ज्याच्याविषयी शोकसभेत कोणी बोलले नाही. अर्जाच्या शेवटी विचारलेले असते: ‘संस्थेचा स्वहिस्सा, रोख अथवा श्रमरूपाने’. तत्त्व म्हणून ते रास्त आहे. जो स्वतः काही घालत नाही, त्याला दुसऱ्याने का द्यावे? आपल्याकडे रोख नव्हती. तू त्या ओळीवर बोट ठेवलेस आणि हरवलेले पैसे सापडावेत तशी ओरडलीस, “श्रमरूपानं म्हंजी मीच की, बाई!”

तेव्हापासून त्या रकान्यात तू आहेस. मदतनिसाच्या दराने तुझ्या तासांचे मूल्य काढायचे आणि ते तिथे भरायचे, असा आपला रिवाज पडला. स्वहिस्सा हा एकूण मागणीच्या ठरावीक प्रमाणात लागतो. दोन राशी समप्रमाणात असल्या की एक वाढताना दुसरीही त्याच पटीने वाढते. पैसे जितके जास्त मागायचे, तितकी वनिता जास्त घालायची. तू ते हौसेने करायचीस. दुसरी मदतनीस मिळेपर्यंत तिचे काम करते, असे तू म्हणाली होतीस. पण तू करत होतीस म्हणूनच ती कधी मिळाली नाही. साहेबांनी एकदा कौतुकाने म्हटलेही होते, “ताई असताना तुम्हाला अजून स्टाफ कशाला?”

तुझ्या कमरेला पट्टा आला. डॉक्टरांनी ओझे उचलायचे नाही असे सांगितले. तू घरी येऊन मला म्हणालीस, “डॉक्टरला सांगा, ओझा घ्यायला मानूस पन लिहून दे औषदात.” त्यानंतरही प्रौढ पुरुषांना उठवणे, बसवणे, धुणे, कोरडे करणे चालूच राहिले. शेवटी तुझे हृदय थांबले. दाखल्यावर तेवढेच लिहिले आहे, आणि तेवढेच लिहिता येते. दाखल्यात स्वहिश्शाला जागा नसते.

ते मूल्य मी काढत होते, म्हणून स्वतःला दोष देणे मला सहज जमेल. पण मी ते करणार नाही. मी पदर डोळ्यांना लावला की सगळे मला समजावू लागतील, आणि रकाना तसाच सुटेल. त्या रकान्यात गेलेला माणूस शिलकीतून वजा होतो की नाही, हे विचारण्याची पद्धतच कोणी ठेवलेली नाही, हे मला लिहून ठेवायचे आहे.

कडवटपणात एक गोष्ट राहून जाऊ नये, म्हणून ती इथेच सांगते. एकदा तू चुलतभावाच्या टेम्पोत जितूला आणि मला घालून न्हावा शेव्याच्या रस्त्याला नेलेस. कशासाठी, ते सांगितले नाहीस. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्या जिथे रांगेने उभ्या असतात, तिथे टेम्पो लावलास आणि एका चालकाला हात केलास. त्याने भोंगा वाजवला. जितूचे सबंध अंग उडाले, आणि मग तो हसू लागला. पुढच्या गाडीवाल्याने वाजवला, मग त्याच्या पुढच्याने. अनोळखी माणसे एका मुलासाठी उन्हात भोंगे वाजवत होती, आणि तू रस्त्याच्या कडेला उभी राहून दोन्ही हातांनी “अजून, अजून” अशी खूण करत होतीस. त्या दिवसाचा अहवाल आपण कोणाला पाठवला नाही. ‘अपेक्षित परिणाम’ या सदरात तो कसा लिहायचा, ते मला आजही सुचत नाही.

संवेदना कक्षाला अंधार लागतो. म्हणजे शटरच्या जागी भिंत येणार. जितू दिवसभर त्या उघड्या शटरमध्ये बसून गल्ली पाहतो: पाववाला, गॅसची गाडी, भाडेकरूंची भांडणे. ती गल्ली त्याच्याकडून काढून घ्यायची आणि बदल्यात त्याला बुडबुडे दाखवायचे. शिवाय कंपनीची अट होती की तो कक्ष तीन वर्षे चालवण्याची हमी संस्थेने द्यावी, स्वतःच्या माणसांनिशी. श्रमरूपाने.

मी साहेबांना फोन केला. म्हटले, “हीच रक्कम दोन मदतनिसांच्या पगाराला द्या. पुरेल तितके दिवस पुरेल. पदाला वनिताचे नाव द्या हवे तर.”

ते खरोखरच दुःखाने म्हणाले, “मॅम, मी समजू शकतो. मला व्यक्तिशः मान्य आहे. पण पगारावर पाटी लावता येत नाही ना.”

तेव्हा मला कळले की तू जिवंत असताना त्यांच्या नियमात का बसत नव्हतीस आणि आता का बसतेस. मृत्यू एकदाच येतो. तो आवर्ती नसतो. एवढी वर्षे दर महिन्याला तोंड वर करणारी वनिता आता खंडित झाली, पूर्ण भाग गेला, बाकी शून्य. आता तिच्यावर खर्च करायला हरकत नाही.

गाळ्यात बैठक घेतली. तुझ्यानंतर सही माझी चालते, म्हणून सगळे माझ्याकडे पाहत होते. हमीपत्रात स्वहिस्सा म्हणून कोणाचे नाव घालायचे, एवढाच प्रश्न होता. सुशीलामावशी म्हणाली, “माजा निम्मा पगार दाखवा की बाई त्यात. निम्म्यात भागवीन मी. पोरगी कामाला लागलीया आता.”

मी म्हटले, नाही.

तुझी आई म्हणाली, “मंग माझा नाव लिवा. मी हितंच असते दिवसभर. करीन ना मी पोरीचा काम.”

मी म्हटले, “आई, तुमचेही नाही. त्या रकान्यात एक माणूस गेले. दुसरे मी माझ्या हाताने लिहिणार नाही.”

तिचा आवाज चढला. “तुमचा काय जातंय बाई? तुमाला पेन्शन हाय. तुमच्या घरात जितू नाय. माझ्या पोरीच्या नावाची पाटी तरी लागली असती!”

ती म्हणाली ते अक्षरशः खरे होते: मला पेन्शन आहे, आणि माझ्या घरात जितू नाही. खरे असूनही ते मला पटले नाही. मी सही केली नाही. त्या वर्षाच्या अनुदानाचा अर्जही याच हमीपत्राला जोडलेला होता; त्याची मुदत गेली.

त्याचा परिणाम सांगते; तो टाळला तर हे पत्र म्हणजे माझीच शोकसभा होईल. पालकांच्या वर्गणीतून मावशीचा पगार आठवड्यातले तीनच दिवस निघतो. उरलेले दिवस शटर बंद, असे ठरले. ज्या मुलांचे आईवडील कामाला जातात, ती त्या दिवशी बाहेरून कडी लावलेल्या घरात बसतात. तुझा आवाज मला स्पष्ट ऐकू येतो: “काय बाई, तुमचा खरा बरोबर आला, आनि पोरं घरी बसली.” मी बरोबर होते की केवळ हट्टी, हे तू सांगितले असतेस, मी मानले नसते, आणि आपण पुन्हा जेवायला बसलो असतो. आता ते मला एकटीला ठरवावे लागते आणि ठरत नाही.

पहिल्याच बंद दिवशी सकाळी मी गल्लीतून जात होते. जितू भांग पाडून, डबा मांडीवर घेऊन बंद शटरसमोर बसला होता. आई त्याला सांगत होती, “आज सुट्टी हाय, बाला.” तो मानत नव्हता. तो बुधवार होता, आणि बुधवारी सुट्टी नसते हे त्याला माहीत आहे. मी शटरची किल्ली काढली. तुझ्या आईने माझ्याकडे पाहिले नाही, पण शटरची दुसरी कडी तिने धरली. ते शटर एकटीच्याने वर जात नाही. आत गेल्यावर ती म्हणाली, “वनीची ओढनी कमरेला बांधा त्याच्या. काखंत धरून वडू नका, खांदा निखलतो. वनी तशीच न्यायची.”

तेव्हापासून बंद दिवशीही शटर उघडते. ज्यांना कोणी आणून सोडते ती मुले येतात. आम्ही दोघी म्हाताऱ्या आहोत, आम्हांला एकेकाला उठवायला फार वेळ लागतो, आणि हे फार दिवस चालणार नाही हे आम्हां दोघींनाही ठाऊक आहे. ती मला अजून क्षमा करत नाही. पण जितूला उभे करताना एका बाजूला ती असते आणि दुसऱ्या बाजूला मी. साहेबांचा पुन्हा फोन आला होता. पुढच्या वर्षी अर्ज करा म्हणाले. करीन. त्यात मदतनिसाला मदतनीस म्हणेन आणि पगाराला पगार. आमच्या या दिवसांचे मूल्य मात्र मी काढलेले नाही आणि काढणार नाही. ते त्यांना विकत मिळणार नाही.

आज पुन्हा बुधवार आहे, वनिता. शटरपाशी बसून लिहिते आहे. तुला आणखी पुष्कळ सांगायचे होते, पण जितूने डब्याचे झाकण खुर्चीवर आपटायला सुरुवात केली आहे, आणि तुझी आई आतून ओरडते आहे, “बाई, उठा, त्याला लागलीय.”